नवे दोन टायर पुढे बसवू नका: फिरत्या मेसेजला उत्तर

‘टायरवाले तुम्हाला सांगत नाहीत अशा सहा गोष्टी’ हा मेसेज सध्या एका ग्रुपमधून दुसऱ्या ग्रुपमध्ये फिरतोय. आधी मी तो न वाचताच सोडून दिला होता. मग धाकट्या भावाने तोच मला पाठवला आणि खाली लिहिलं, “ताई, दोनच टायर घेतोय, पुढे टाकून देतो. यातही तेच म्हटलंय.” त्याच्या एसयूव्हीच्या मागच्या सीटवर रोज दोन लहान मुलं बसतात, आणि लांबच्या प्रवासाला आई-बाबाही असतात. त्यामुळे आता सविस्तर उत्तर देणं भाग आहे.

मेसेजमधले सहा दावे असे. एक, साइज जुळला की कोणताही टायर चालतो, साइजच्या पुढे छापलेले आकडे फक्त जाहिरातीसाठी. दोन, टायरवर छापलेल्या आकड्याएवढी हवा भरा. तीन, ट्रेडवेअर, म्हणजे टायरवर छापलेला झिजेचा दर्जा, ६०० असेल तर टायर ६० हजार किलोमीटर चालणारच. चार, चार टायर घेऊ नका. दोन घ्या आणि पुढे बसवा. पाच, ऑल-सीझन टायरवर ‘एम+एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) असलं की बर्फाची चिंता नाही. सहा, तारीख बघा, वर्षापेक्षा जुना टायर फुकटही घेऊ नका.

चौथा दावा सगळ्यात घातक आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

इंजिन पुढे, स्टिअरिंग पुढे, ब्रेकचा जास्त जोर पुढे, म्हणून नवे टायर पुढे. हे ऐकताक्षणी पटतं आणि म्हणूनच इतकं पसरलंय. आता भर पावसातला रस्ता डोळ्यांसमोर आणा. टायरच्या खाचांचं मोठं काम म्हणजे खालचं पाणी बाहेर काढणं. नव्या टायरच्या खाचा साधारण ८ मिलिमीटर खोल असतात. झिजून त्या ३ मिलिमीटरवर आल्या की तितक्याच वेळात तितकं पाणी बाहेर जात नाही. टायर पाण्याच्या थरावर चढतो आणि रस्ता सोडतो. झिजलेल्या टायरचं हे नव्यापेक्षा बऱ्याच कमी वेगात होतं. म्हणजे गाडीला दोन नवे आणि दोन जुने टायर असतील तर जुने दोन आधी तरंगणार, हे ठरलेलं आहे. ते पुढे असावेत की मागे, एवढंच आपल्या हातात आहे.

पुढचे तरंगले तर स्टिअरिंग एकदम हलकं लागतं आणि वळणावर गाडी सरळ जाऊ पाहते. माणूस घाबरतो, पाय ॲक्सिलरेटरवरून आपोआप निघतो, वेग उतरतो, भार पुढच्या चाकांवर येतो आणि पकड परत मिळण्याची शक्यता वाढते. घाबरलेला माणूस जे करतो, तेच इथे उपयोगी पडतं. मागचे तरंगले तर हाताला काहीच जाणवत नाही. जाणवतं तेव्हा गाडीची मागची बाजू बाहेर निघालेली असते. त्या क्षणी पाय उचलला की भार पुढे सरकतो, मागची चाकं आणखी हलकी होतात आणि गाडी गर्रकन फिरते. उलटं स्टिअरिंग मारून ती सावरणं कसलेल्या चालकालाही दर वेळी जमत नाही. त्यात एसयूव्ही उंच. आडवी घसरत जाणारी उंच गाडी रस्त्याकडेच्या मऊ मातीत रुतली किंवा कशाला अडली तर उलटते. याला कुणी अपवाद काढून दाखवावा: इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते म्हणून मागची चाकं पाण्यावर तरंगायची थांबतात का?

“आमच्या गाडीत ईएससी आहे,” असं भाऊ म्हणालाच. असू दे, घसरणारी गाडी सावरणारी ही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा फार मोलाची आहे. पण ती एकेका चाकाला ब्रेक लावून गाडी सरळ करते, आणि त्यासाठी टायरने रस्ता धरलेला असावा लागतो. जी पकड उरलेलीच नाही ती ईएससी कुठून आणणार?

हे माझं एकटीचं मत नाही. अमेरिकेतल्या टायर उत्पादकांची संघटना, यूएस टायर मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन, स्पष्ट सांगते की दोनच टायर बदलत असाल तर नवे मागच्या ॲक्सलवर बसवा. मिशलिनही हेच सांगते. मेसेजचा सगळा रोख ‘कंपन्या स्वतःच्या फायद्याचं सांगतात’ असा आहे. मग यात कंपनीचा फायदा कोणता? नवे टायर पुढे बसवले काय नि मागे बसवले काय, विकले जाणार दोनच.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. पुढच्या चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत पुढचे टायर लवकर झिजतात, हे खरं आहे. पण त्यावर उपाय म्हणजे दर ८-१० हजार किलोमीटरला टायरची पुढे-मागे अदलाबदल. ती वेळेवर केली तर चारही जवळपास एकदमच संपतात आणि दोन की चार हा प्रश्नच उभा राहत नाही. दोनच बदलायची वेळ आली तर मागचे बरे टायर पुढे आणा आणि नवे मागे टाका. टायरवाला “पुढेच बसवतात सगळे” म्हणाला तरी ऐकू नका.

गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ताकद जाणारी असेल तर दोनाचा विचारही करण्याआधी मॅन्युअल उघडा. २२५/६५ आर१७ साइजच्या टायरचा घेर साधारण २२७५ मिलिमीटर, म्हणजे एका किलोमीटरला सुमारे ४४० फेरे. दुसऱ्या ॲक्सलवरचा टायर ५ मिलिमीटर जास्त झिजलेला असेल तर तो किलोमीटरमागे सहाएक फेरे जास्त फिरतो. सरळ रस्त्यावरसुद्धा हा फरक पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या मधल्या कपलिंगवर आणि डिफरन्शियलवर सतत पडत राहतो. म्हणूनच अशा गाड्यांच्या बऱ्याच कंपन्या चारही टायरची झीज जवळपास सारखी ठेवायला सांगतात. दोन टायरचे पैसे वाचवण्याच्या नादात ड्राइव्हलाइनचं, म्हणजे चाकांपर्यंत ताकद नेणाऱ्या या भागांचं काम निघालं तर ते फार महागात पडतं.

दुसरा दावा, हवेचा. टायरच्या बाजूला छापलेला ४४ किंवा ५१ पीएसआयसारखा आकडा हा त्या टायरची कमाल मर्यादा असते. तोच टायर वेगवेगळ्या वजनाच्या कितीतरी गाड्यांना बसतो, तुमच्या गाडीचं वजन त्याला काय माहीत? तुमच्या गाडीसाठीचा आकडा ड्रायव्हरचं दार उघडल्यावर आत चिकटवलेल्या स्टिकरवर असतो, पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी स्वतंत्र दिलेला. तो थंड टायरसाठीचा आहे, म्हणून हवा सकाळी गाडी काढण्याआधी तपासा. कमाल आकड्यापर्यंत भरली तर टायर मधोमध फुगतो, रस्त्याला कमी टेकतो, मधेच झिजतो आणि ओल्यात गाडी थांबायला जास्त अंतर लागतं. आधी मागे जुने टायर आणि त्यात वर ठासून भरलेली हवा! हे दोन्ही सल्ले एकाच मेसेजमध्ये आहेत याचा मला खरोखर संताप येतो.

पहिला दावा, ‘पुढचे आकडे जाहिरातीचे’. २२५/६५ आर१७ १०२एच यातला १०२ हा भार निर्देशांक, म्हणजे एका टायरला ८५० किलो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची मर्यादा. त्याच साइजमध्ये ९८ चा टायर घेतला तर एका टायरची क्षमता ७५० किलोवर येते. सगळं कुटुंब, टपावर सामान, आणि प्रत्येक चाकामागे १०० किलोची तूट. कंपनीने दिलेल्या भार निर्देशांकाच्या खाली जायचं नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

ट्रेडवेअरचा आकडा अमेरिकेच्या सरकारी नियमातून आला आहे. ठरलेल्या रस्त्यावर ७२०० मैल गाडी चालवून नव्या टायरची झीज १०० दर्जाच्या संदर्भ टायरशी ताडतात, आणि शेवटी दर्जा कंपनी स्वतःच जाहीर करते. ६०० म्हणजे त्या चाचणीत संदर्भ टायरच्या सहापट टिकण्याचा अंदाज. त्याला दोन शून्यं जोडून किलोमीटर काढणं ही मेसेजची स्वतःची कल्पना आहे. त्यापेक्षा शेजारचा ट्रॅक्शनचा, म्हणजे पकडीचा दर्जा बघा: एए, ए, बी, सी. तोही फक्त ओल्या रस्त्यावर सरळ थांबण्याचा आहे, वळणाचा नाही, तरीही घरच्या गाडीसाठी मी आधी तोच बघेन.

बर्फाबद्दल थोडक्यात. ‘एम+एस’ हे चिन्ह खाचांच्या रचनेवरून मिळतं, त्यासाठी बर्फावर चाचणी द्यावी लागत नाही. तीन शिखरं आणि आत हिमकण असं चिन्ह असलेल्या टायरची मात्र बर्फावर प्रत्यक्ष चाचणी झालेली असते. तीही गोठलेल्या काचेसारख्या थरावरची नसते. कडक हिवाळा असेल तिथे विंटर टायरच लागतात. आणि चारही चाकांना ताकद जाते म्हणजे गाडी सहज निघते. थांबताना त्या ताकदीचा काही उपयोग नाही.

राहिली तारीख. तारीख बघा, हे या मेसेजमधलं खरं वाक्य. टायरच्या बाजूला ‘डीओटी’ अक्षरांपुढे छापलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. जुना माल खपवला जातो, हेही खरं. पण सावलीत नीट ठेवलेला, वर्षभरापूर्वीचा टायर खराब झालेला नसतो. तो नाकारून कमी भार निर्देशांकाचा ‘ताजा’ टायर घेणं हा मूर्खपणा आहे. तारखेचा खरा उपयोग गाडीवर आधीच असलेल्या टायरसाठी होतो. खाचा शाबूत असल्या तरी सहा वर्षांनंतर बदला असं अनेक कार कंपन्या सांगतात, आणि दहा वर्षं ही टायर कंपन्यांची बाहेरची मर्यादा. त्यात स्टेपनीही आली, एकदाही रस्त्याला न लागलेली असली तरी.