हरळी तिथली, हरळी इथली

आमच्या भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवडाभर तणनाशकावरून जुंपली आहे. निमित्त बांधाचं. वाळवा तालुक्यात आमच्या रानाला लागून एकानं भर वाऱ्यात ग्लायफोसेट मारलं आणि आमच्या उसाच्या कडेच्या दोन सरींचे पोंगे पांढरे पडले. दादानं फोटो टाकला. लगेच पुण्यातल्या चुलतभावाचा फॉरवर्ड आला: कॅन्सर होतो, हे विष बंदच करा. दादाचं उत्तर एका ओळीचं होतं, "मग भांगलायला तू ये."

मी अटलांटाजवळ राहतो, म्हणून मला विचारणा झाली की अमेरिकेत काय चाललंय. अमेरिकेत हरळी आहे! जिच्या काशा वेचता वेचता आमच्या आजीची बोटं वाकडी झाली, तीच हरळी इथं वळकट्या करून विकतात आणि लोक पैसे मोजून दारात अंथरतात. बर्मुडा म्हणतात तिला. माझ्या दारातला टिफवे हा संकर याच जॉर्जियातल्या टिफ्टनमध्ये तयार झाला, १९६० साली आला. तिच्यात दुसरं गवत डोकावलं की कॉलनीच्या कमिटीची चिठ्ठी येते.

यावर इथली युक्ती मजेशीर आहे. थंडीत हरळी पार वाळून झोपी जाते, हिरवं दिसतं ते फक्त हिवाळी तण. ग्लायफोसेट हिरव्या पानातून आत शिरून मुळापर्यंत उतरतं. झोपलेल्या हरळीला हिरवं पानच नाही, त्यामुळे सरसकट सगळं मारणारं औषध इथं निवडून मारतं. मी पहिल्या वर्षी हे मार्चमध्ये केलं. हरळी तेव्हा जागी व्हायला लागली होती. मे उजाडला तरी दारात परातीएवढे पिवळे डाग होते आणि चिठ्ठी आली ती आलीच.

कॅन्सरचं म्हणाल तर २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं ग्लायफोसेटला 'बहुधा कर्करोगकारक' ठरवलं. इथल्या सरकारी पर्यावरण खात्याला ते मान्य नाही. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात शाळेची मैदानं राखणाऱ्या एका माणसानं हे औषध बनवणाऱ्या कंपनीवरचा खटला जिंकला, मागून हजारो दावे आले. शेवटी कंपनीनं घरगुती बागेच्या बाटल्यांतून ग्लायफोसेट काढायला घेतलं, तेही खटले टाळायला. औषध घातक आहे असं ती आजही म्हणत नाही. शेतात ते चालूच आहे.

आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्रानं अधिसूचना काढली की ग्लायफोसेट फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांनीच फवारायचं. दादाला विचारलं, आला होता का कोणी? म्हणाला, "आमच्या उसात झुरळं नाहीत."

असल्या कायद्याचा मला राग येतो. भांगलायला बायका मिळत नाहीत, हे चुलतभावाला पुण्यात बसून कळत नाही आणि मलाही इथून ते म्हणायला तोंड नाही. मी दिसायला बरं म्हणून फवारतो, दादा ऊस लव्हाळ्यात बुडू नये म्हणून. बंदी घालायचीच तर आधी माझ्या लॉनवर घाला.

पण दादालाही मी सोडत नाही. तो झाकणानं मापतो, कालव्याचं गढूळ पाणी पंपात भरतो, आणि तण मेलं नाही की डोस वाढवतो. गढुळातल्या मातीला चिकटून औषध निकामी होतं, हे त्याला दुकानदारानं कधी सांगितलं नाही. नोझलला फवारा उडू न देणारं हूड नाही, पायात चप्पल नाही. शेजाऱ्याला शिव्या देतो, पण वाऱ्यात फवारायला तोही मागे नाही. इथं डब्यावरचं लेबल मोडणं म्हणजे कायदा मोडणं. आपल्याकडे ती घडीची चिठ्ठी उघडतं कोण?

आता गणपती येतील. एकवीस दूर्वांच्या जुड्या हव्यात. दूर्वा म्हणजे हीच हरळी. दारात पायलीनं दूर्वा आहेत, पण सगळ्या फवारलेल्या. म्हणून बायकोनं मागच्या ओट्यावर कुंडीत हरळी लावली आहे. दादाला फोटो पाठवला तर म्हणतो, "खत घालू नगं, लई माजंल."