साबण लावून झाल्यावर

सोलापुरात गीझर घ्यायला गेलं की दुकानदारसुद्धा आधी जरा तोंडाकडे बघतो. मे महिन्यात इथं पारा ४४ च्या पुढे जातो. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी इतकं तापतं, की हात धुवायलासुद्धा आधी बादलीत भरून निववावं लागतं. वर्षातले आठ-नऊ महिने गरम पाणी ही आमच्याकडे सोय नसते, तक्रार असते. पण डिसेंबर उजाडला की हेच गाव दगा देतं. पहाटे बारा-तेरा अंश. थंड मुलखातला माणूस यावर हसेल, हसू दे. त्यानं आमचा मे काढलेला नाही. ज्याच्या अंगात ४४ मुरलेत त्याला बारा अंश सोसत नाहीत, एवढं साधं गणित आहे.

म्हणून आमच्याकडे गॅसचा गीझर आहे, मिनिटाला सहा लिटरवाला. बाथरूममध्ये नाही, मागच्या गॅलरीत, उघड्या हवेवर. हे मुद्दाम सांगतो, कारण पुष्कळ घरांत तो आतच टांगलेला दिसतो. बंद खोलीत तो तिथला ऑक्सिजन खातो आणि ज्योत नीट जळेनाशी झाली की कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला ना रंग, ना वास. माणूस दार लावून आंघोळीला जातो आणि कुणाला काही कळतच नाही. तेव्हा आमचा गीझर बाहेर आहे, आणि त्याच्याबद्दल पुढे जे काही वाईट बोलणार आहे ते सगळं बाहेरच्या गीझरबद्दल आहे.

तर यंदा तो मध्येच बंद पडायला लागला. नळ सोडला की टक् टक् टक्, मग भप्प, मग निळी ज्योत, सगळं रीतसर. पाणीही झकास तापायचं. माणूस निर्धास्त होऊन डोक्याला साबण लावायचा, डोळे मिटायचा, आणि नेमकं तेव्हा बाहेर 'चक्' असा बारीक आवाज व्हायचा. पुढचे दोन तांबे कोमट, तिसरा थेट उजनी धरणातून.

वेळ अगदी ठरलेली. बाबा आंघोळ करताना मोठ्यानं स्तोत्र म्हणतात, त्यामुळे घरातल्या सगळ्यांनाच ती कळायची. स्तोत्र खणखणीत चालू असायचं, एका ठराविक ओळीला आवाज एकदम वर जायचा आणि त्यापुढे जे ऐकू यायचं ते कुठल्याही स्तोत्रात नाही. मुलीनं तर मोबाइलवर वेळ लावून ठेवली आणि आजोबांची ती ओळ जवळ आली की ती बाहेरून 'आता!' म्हणून ओरडायची. यात मदतीपेक्षा मजेचा भाग जास्त होता.

गीझर बंद पडतो एवढं कुणाच्या कानावर गेलं की समोरचा माणूस पहिलं वाक्य एकच बोलतो, "सेल बदलले का?" दूधवाला, इस्त्रीवाला, बँकेतला शिपाई, माझे साहेब, सगळे. या गीझरला टॉर्चचे दोन मोठे सेल लागतात. ठिणगी पाडणं आणि गॅसचा व्हॉल्व्ह उघडा धरून ठेवणं, दोन्ही कामं त्यांचीच. उतरलेले सेल ठिणगी पाडतात पण व्हॉल्व्ह धरून ठेवत नाहीत, म्हणजे शंका रास्त होती. बदलले. टक् टक् पूर्वीपेक्षा जोरात व्हायला लागली आणि गीझर त्याच ओळीला बंद पडला.

आईचा संशय गॅसवर. गीझर घरात आला तेव्हापासूनच तिचा त्याच्यावर राग आहे, कारण तो तिच्या स्वयंपाकाचा गॅस खातो. तशी ती अगदीच चूक नाही. हा गीझर सलग तासभर चालला तर १४.२ किलोच्या सिलिंडरमधला पाऊण-एक किलो गॅस सहज संपवतो. तिनं ओलं फडकं सिलिंडरवरून फिरवलं. आत द्रव गॅस असतो तिथवर ओल उशिरा सुकते, तेवढ्यावरून किती उरलाय ते कळतं. सिलिंडर अर्ध्याहून जास्त भरलेला निघाला. आईला हे आवडलं नाही. "मग त्याला खायचं तरी काय कमी पडायलंय?" असं म्हणून ती आत गेली.

पाण्याच्या दाबाचा संशय मात्र सगळ्यांत वाईट ठरला, कारण त्यात थोडं तथ्य होतं. या गीझरमध्ये रबराचा एक पडदा असतो. पाणी जोरात वाहिलं की तो पुढे सरकतो, एक दांडी दाबतो, दांडी छोटं बटण दाबते आणि मग गॅस सुटतो. पाणी मंदावलं की पडदा मागे, बटण मोकळं, गॅस बंद. आता दहा मीटर उंचीवरची टाकी एक बार दाब देते. आमची टाकी बाथरूमच्या डोक्यावरच्या स्लॅबवर आहे, म्हणजे दाब कसाबसा त्या पडद्याला उठवण्यापुरता. त्यात नळाला पाणी काही रोज येत नाही. येईल त्या दिवशी टाकी काठोकाठ, मग रोज थोडी थोडी खाली.

हे कळल्यावर घरात संचारबंदी लागू झाली. कुणी आंघोळीला शिरलं की स्वयंपाकघरातला नळ बंद, बेसिन बंद, भांडी जागच्या जागी. "नळ कुणी सोडला?" ही आरोळी दिवसातून इतक्यांदा उठायची की शेजारच्या पोरांनी ती उचलली आणि ती आम्हाला पाहूनही तीच मारायला लागली. भांडीवाल्या मावशींनी शेवटी स्पष्ट विचारलं, "तुमच्या आंघोळी झाल्या की मिस कॉल देता का?" बाथरूममध्ये विसणाला गार पाण्याचा नळ उघडायचीसुद्धा चोरी झाली. आणि इतकं करून गीझर बंद पडायचा तो पडायचाच.

हिचं म्हणणं वेगळं होतं. "बंद पडला की पाचेक मिनिटं थांबा, आपोआप चालू होतो," ती सांगत होती. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. साबणाच्या अंगानं पाच मिनिटं थांबायचं हा उपाय झाला की शिक्षा, यावरच आम्ही वाद घातला. ज्या गावाचे टेरी टॉवेल परदेशी जातात, त्या गावात आम्ही एक टॉवेल गुंडाळून कुडकुडत उभे असायचो.

याच सुमारास मिनेसोटातल्या भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. घरात बसून त्यानं जाडजूड जाकीट घातलेलं. बाहेर उणे वीस अंश, आणि त्याची फर्नेस लागते, थोडी चालते, घर तापायच्या आत बंद पडते, पुन्हा लागते, पुन्हा बंद. तिकडे तळघरात ही भट्टी असते. ती गॅसवर हवा तापवते आणि पंखा ती हवा नळ्यांतून सगळ्या खोल्यांत ढकलतो. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सेल बदलले का म्हणावं."

त्याचं कारण दोन दिवसांत सापडलं. परतणारी हवा ज्या जाळीतून भट्टीत जाते तो फिल्टर धुळीनं लिंपून गेला होता. हवा कमी, ज्योत तेवढीच, त्यामुळे आतला पत्रा वाजवीपेक्षा तापायचा आणि तापमानाच्या मर्यादेला बसवलेला स्विच ज्योत विझवून टाकायचा. पंखा फिरून पत्रा निवला की पुन्हा सुरू. पुठ्ठ्याच्या चौकटीतली इंचभर जाडीची नवी जाळी बसवली, काम झालं. "मामा, तुमचाही फिल्टर बघा," असा त्यानं निरोपही पाठवला. बाबांनी लगेच पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरची कॅन्डल घासून ठेवली.

इकडे गीझरवाला म्हणाला, सीझन आहे मालक, गड्डा झाल्यावर येतो. आणि गड्ड्याला, म्हणजे संक्रांतीच्या इथल्या जत्रेला, तर घरात पाहुणे. सिद्धेश्वरांची यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक, पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतली माणसं, हे सगळं बघायला बहीण आणि तिच्या सासरची मंडळी दरवर्षी येतात. भोगीच्या दिवशी तीळ लावून डोक्यावरून आंघोळ करायची असते. एका डोक्याला तीळ लावून झाले की ते डोकं परत घेता येत नाही. बहिणीची जाऊ आत शिरली आणि सगळं घर श्वास रोखून बसलं. चक्. मग स्वयंपाकघरातल्या शेगडीवरून भोगीची भाजी उतरली आणि पाण्याचं पातेलं चढलं. पाहुणे फार समजूतदार. 'असू द्या हो, गारच बरं असतं' असं दात वाजवत म्हणत होते. बाबांनी माळ्यावरचा तांब्याचा बंब काढायचा प्रस्ताव मांडला. बंब कधी मध्येच बंद पडला नाही, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. तो चालूही लवकर व्हायचा नाही, हे आईनं आठवून दिलं.

त्याच संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या एका हुशार माणसानं सल्ला दिला, "सेन्सर बायपास करून टाका ओ. दोन वायरी जोडायच्या, विषय संपला." असे सल्ले देणारे प्रत्येक गल्लीत असतात आणि ते स्वतः बहुधा हीटरवर पाणी तापवतात. ज्योत विझली तर गॅस तोडणारा तोच सेन्सर. त्याला वगळलं की ज्योत नाही आणि गॅस मात्र चालू, इतका विषय संपतो.

त्याला उत्तर दिलं शेजारच्या अण्णांनी. अण्णांची उभी हयात गावाच्या पूर्व भागात यंत्रमागावर जॉबर म्हणून, म्हणजे माग नीट चालता ठेवण्यात गेली. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि चिडले की दोन्ही. ते म्हणाले, "आडवा धागा तुटला की माग आपला आपण थांबतो. थांबला म्हणून मागाला शिव्या घालायलाव व्हय? न थांबता चालला असता तर सगळी चादर वाया. थांबला की धागा बघायचा. तुम्ही सगळे थांबण्यावरच रागवायलाव, धागा कुणी बघितलाय?"

गड्डा सरला आणि गीझरवाला आला. पोरगेलासा, कानात हेडफोन. आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो. सेल, गॅस, दाब, टाकी, स्तोत्र. त्यानं शांतपणे हेडफोन काढून खिशात ठेवला. "बंद पडतो ते कळालं. पण किती वेळानं?"

हा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता. लागल्या लागल्या दोन-चार सेकंदांत विझला तर ज्योत ओळखणारी काडी काळी पडली असणार, ती बारीक पॉलिश पेपरनं पुसायची. कुणी दुसरा नळ सोडल्यावर विझला तर दाब. बरोबर वीस मिनिटांनी विझला तर काही झालेलंच नाही, या गीझरना तेवढ्याच वेळाचा टायमर असतो. आमच्याकडे त्या टायमरपर्यंत कुणी जिवंत पोचलंच नव्हतं. "चार-पाच मिनिटांनी," मुलगी मोबाइल बघत म्हणाली. "आणि मग थोडं थांबलं की चालू होतो," ही म्हणाली. पोरानं तिच्याकडे आदरानं पाहिलं. "वहिनी, मग हे ओव्हरहीट आहे."

त्यानं पाणी येण्याच्या बाजूचा नट खोलला. आत बोटाच्या पेराएवढी जाळी. टाकीच्या तळाची वाळू आणि पांढऱ्या खपल्या यांनी ती पार बुजलेली. नळाला पाणी नसलं की आम्ही टाकीत बोअरचं पाणी चढवतो, ते जड, त्यातला चुना तापला की नळीत धरतो. तांब्याच्या कॉइलमध्येही तोच थर. पाणी थोडं, ज्योत पूर्ण. मग नळी भलतीच तापते आणि तिच्यावर बसवलेली बटणाएवढी चकती गॅस तोडते. नळी निवेपर्यंत पाच मिनिटं जातात. वर बाबांची सवय अशी की चटका बसायला लागला की गरम नळ बारीक करायचा, म्हणजे पाणी आणखी कमी आणि आणखी तापलेलं.

"हे तर मिनेसोटावाल्यानं केव्हाच सांगितलंय," ही म्हणाली. बाबांनी विषय बदलला.

पोरानं जाळी धुतली, कॉइलमध्ये पातळ केलेलं ॲसिड फिरवून चुना काढला. नळातून पांढरं गढूळ पाणी आलं, मग स्वच्छ. मोकळ्या झालेल्या जाळीतून येणाऱ्या धारेनं बादली भरताना बघून आईनं पहिल्यांदा गीझरला नावं ठेवली नाहीत. पाणी जास्त तापलं तर नळ बारीक करायचा नाही, गॅसचा खटका कमी करायचा, असं त्यानं बाबांना दोनदा बजावलं. सेल बदलू का, असं आईनं विचारलं, तर म्हणाला, "नवे आहेत की ओ."

दुसऱ्या दिवशी बाबा आत गेले. ती ओळ आली, गेली. आम्ही टाळ्या वाजवल्या. स्तोत्र संपलं, बाबांनी दुसरं धरलं. ते संपल्यावर आरती सुरू झाली. आई बाहेरून गॅसचा हिशेब ऐकवत होती, पण इतक्या दिवसांची आंघोळ एकदम वसूल करायची असं बाबांनी ठरवलेलं दिसत होतं. आरतीच्या मध्यावर बाहेर 'चक्' झालं आणि आतून आवाज आला, "लावा त्या पोराला फोन! परत तेच!"

मी लावला. पलीकडे दुसऱ्या कुणाच्या तरी गीझरची टक् टक् चालू होती.

"किती वेळानं मालक?"

मुलीनं मोबाइल बघून सांगितलं.

"वीस मिनिटं? मग गीझर चांगला आहे," तो म्हणाला. "आजोबांना बाहेर काढा."