कोंबडीचा व्हायरस आणि आपली ढेरी

सोलापुरातल्या ग्रुपांवर पंधरा दिवस एक मेसेज फिरतोय. 'जाडी खाण्यानं येत नाही, व्हायरसनं येते. मुंबईच्या डॉक्टरनं शोध लावला, कंपन्यांनी दाबला. चिकनमधून येतो. रक्त तपासा, लस येतेय, तोवर डाएट-बिएट बंद.' मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करतो. परवा होटगी रोडचे एक काका मोबाईल पुढं करून म्हणाले, "ती जाडीची टेस्ट करा की." काउंटरवर गर्दी होती, त्यामुळं त्यांना सांगायचं राहिलं ते इथं लिहितो.

शोध खरा आहे. १९८०च्या दशकात आपल्याकडं कोंबड्यांत साथ आली. पशुवैद्यक डॉ. एस. एम. अजिंक्य यांना मेलेल्या कोंबड्यांच्या पोटात चरबी भरलेली दिसली. रोगानं मेलेलं जनावर वाळलेलं असतं, इथं उलटंच. मुंबईत लठ्ठपणावर उपचार करणारे डॉ. निखिल धुरंधर यांच्या कानावर हे गेलं. त्यांनी तो व्हायरस, एसएमएएम-१, धडधाकट कोंबड्यांना देऊन पाहिला. चरबी वाढली, पण कोलेस्टेरॉल उतरलं! मग ५२ जाड माणसांचं रक्त तपासलं, तर १० जणांत त्याच्या अँटिबॉडी, म्हणजे त्या व्हायरसशी लढायला शरीरानं बनवलेली प्रथिनं. या दहाजणांचं वजन बाकीच्यांहून जास्त आणि कोलेस्टेरॉल कमी. हे १९९७ साली छापूनही आलं. दाबलं कुणी?

धुरंधर पुढं संशोधनासाठी अमेरिकेला गेले, पण तिथल्या कृषी खात्यानं तो व्हायरस तिकडं आणू दिला नाही. म्हणून धुरंधर यांनी तिथं डॉ. रिचर्ड अ‍ॅटकिन्सन यांच्यासोबत दुसरा व्हायरस धरला, अ‍ॅडेनोव्हायरस-३६. हा माणसांतलाच. (अ‍ॅडेनोव्हायरस हे सर्दी, ताप, जुलाब करणाऱ्या व्हायरसांचं एक कुळ; कोंबड्यांचा एसएमएएम-१ही त्यातलाच.) १९७८ साली जर्मनीत जुलाब झालेल्या एका लहान मुलीत तो पहिल्यांदा सापडला होता. आता मेसेजची गंमत बघा: कोंबडीच्या व्हायरसचं काम मुंबईतलं, माणसाच्या व्हायरसचं अमेरिकेतलं, आणि या दोघांची खिचडी करून दोष आपल्या रविवारच्या रश्श्यावर. रटरटा शिजलेल्या चिकनमध्ये अ‍ॅडेनोव्हायरस टिकत नाही.

आता टेस्टचं. अँटिबॉडी म्हणजे व्हायरस कधीतरी येऊन गेल्याची पावती. गड्ड्याच्या जत्रेतून आलेल्याच्या चपलेला धूळ असते. त्यावरून तो जाऊन आला एवढंच कळतं. पाळण्यात बसला की खिसा कापून घेतला, हे धूळ सांगत नाही. २००५ साली ५०२ जणांवरचा अभ्यास आला: जाड माणसांत ३० टक्क्यांना ही पावती होती, बाकीच्यांत ११ टक्क्यांना. फरक मोठा आहे, मान्य. पण सत्तर टक्के जाड माणसांकडं पावतीच नाही, आणि पावती असूनही सडपातळ राहिलेले आहेतच. २०१० साली अमेरिकी लष्करातल्या लोकांचं रक्त पाहिलं, तिथं संबंध दिसलाच नाही. शिवाय आधी व्हायरस की आधी जाडी? जाड शरीराला संसर्ग लवकर होत असेल तरी आकडे असेच येतील. कोंबड्या, उंदीर, माकडं यांना व्हायरस टोचून बघता येतं, माणसांना मुद्दाम टोचता येत नाही. म्हणून गाडी तिथंच अडलीय. प्रयोगशाळेत मात्र या व्हायरसचा एक जीन कच्च्या पेशींना चरबीच्या पेशी व्हायला ढकलतो असं दिसलंय, त्यामुळं हे सगळं थापा म्हणून झटकणाराही चुकतोच.

लस? अमेरिकी सैनिकांना अ‍ॅडेनोव्हायरसची लस देतात. पण ती ४ आणि ७ नंबरच्या व्हायरसची, तापा-खोकल्यासाठी. जाडीची नाही.

राहिलं 'डाएट बंद करा'. व्हायरसनं चरबीच्या पेशी वाढवल्या तरी त्या भरायला खाणं लागतंच. उलट या संशोधनातून माझ्या मते एकच गोष्ट ग्रुपवर टाकण्यासारखी होती: वजन वाढायला पोटातली हाव सोडून दुसरी कारणंही असू शकतात, तेव्हा लग्नाच्या पंगतीत कुणाच्या ताटाकडं बघून टोमणा मारायच्या आधी जरा थांबावं. नेमकी तीच ओळ मेसेजात नाही.

काकांनी शेवटी उपाशीपोटी साखर आणि थायरॉईड करून घेतलं. रिपोर्ट न्यायला आले तेव्हा हातात शेंगा चटणीची दोन पाकिटं आणि कडक भाकरीचा गठ्ठा होता. चिकन सोडलंय म्हणाले.