‘व्हॉट्सअ‍ॅप असताना हे कशाला?’ : डिचोलीकरांना उत्तर

डिचोलीकर, नमस्कार.

जेएस८कॉल, म्हणजे हॅम (हौशी) रेडिओवरून लेखी निरोप पाठवणारा संगणकाचा प्रोग्राम, त्यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया खोचक असली तरी विचार करून लिहिलेली आहे. ती खाली दोन ओळींत उरकण्यासारखी नाही, म्हणून हे सविस्तर उत्तर. तुमचे म्हणणे थोडक्यात असे: एक वाक्य पाठवायला मिनिटभर घेणाऱ्या गोष्टीला संदेशवहन म्हणणे हाच विनोद आहे, तो मजकूर वाटेतला कोणीही वाचू शकतो, ‘आपत्ती’ हे हॅम मंडळींनी आपल्या हौसेवर घातलेले पांघरूण आहे, आणि खरीच काळजी असेल तर मेशटास्टिकचे (एकमेकांमार्फत निरोप पुढे सरकवणारे) छोटे रेडिओ संच किंवा उपग्रहावरून निरोप पाठवणारे यंत्र घ्यावे.

पांघरुणाचा मुद्दा आधी घेतो, कारण तिथे आपले बरेचसे जुळते. मे २०२१ मध्ये तौक्ते आले, जुलैत म्हादईला पूर आला. त्या वेळी झाडे कापली, तारा जोडल्या, माणसे बाहेर काढली ती वीज खात्याने, अग्निशमन दलाने आणि गावच्या पोरांनी. हॅम रेडिओने गोवा वाचवला असे मी लिहिलेले नाही. आपत्तीचे नाव पुढे करून घरच्यांकडून महागडा रिग (रेडिओ संच) मंजूर करून घेणारे मलाही चांगलेच ठाऊक आहेत. माझा दावा याहून बराच लहान आहे, आणि तुमच्या प्रतिक्रियेत नेमका तोच सुटला आहे.

आवाजी रेडिओची मोठी अडचण म्हणजे तुम्ही बोलता त्याच क्षणी पलीकडे कोणीतरी ऐकत बसलेले असावे लागते. सकाळच्या नेटवर, म्हणजे हवेतल्या ठरल्या वेळच्या बैठकीत, सगळे भेटतात, पण दुपारी तीन वाजता वाळपईहून कोणी हाक मारली तर ती हवेत विरते. जेएस८मध्ये निरोप तिसऱ्याच स्टेशनपाशी ठेवता येतो. समजा मला काणकोणच्या मित्राला काही कळवायचे आहे आणि त्याचा रिग बंद आहे. बेळगावचे एखादे स्टेशन मला ऐकू येत असेल तर मी त्याच्याकडे निरोप टाकून मोकळा होतो. मित्र संध्याकाळी रिग चालू करतो, त्याचा प्रोग्राम ‘मी आहे’ अशी छोटी खूण हवेत सोडतो, ज्याला आम्ही हार्टबीट म्हणतो. बेळगावचे स्टेशन आपणहून उत्तर देते: तुझा सिग्नल इतका येतो आणि तुझ्यासाठी अमुक क्रमांकाचा निरोप आहे. मित्र तो मागवून घेतो. बेळगावचा माणूस तोवर जेवायला गेलेला असला तरी चालते, फक्त त्याचा रिग आणि लॅपटॉप चालू हवेत. मधे सर्व्हर नाही, टॉवर नाही, इंटरनेट नाही. दोन स्टेशनांना एकमेकांचे ऐकू येत नसेल तर तिसऱ्यामार्फत रिलेही करता येते.

आता बेळगावच का, पणजीचा रिपीटर (ऐकलेले पुन्हा प्रसारित करणारा मधला संच) का नाही? सत्तरीतल्या कुठल्याही खोऱ्यात हँडसेट घेऊन उभे राहा, उत्तर समजेल. हँडसेट ज्यावर चालतो त्या व्हीएचएफ लहरींना सरळ नजरेची वाट लागते आणि आपल्याकडे मधे डोंगर बसलेले असतात. ४० मीटर बँडचे, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींचे, तसे नाही. दोन माडांमध्ये वीस मीटरची तार, जमिनीपासून सात-आठ मीटर उंच, एवढा डायपोल (तारेची अँटेना) ताणला की बहुतेक ऊर्जा वर आकाशाकडे जाते, आयनांबरावर आपटते आणि छत्रीसारखी खाली पसरते. दिवसा या वाटेने चोर्ल्याच्या अलीकडे-पलीकडे, कोल्हापूर, बेळगाव, रत्नागिरी सगळे एकाच टप्प्यात येते. डोंगर आडवा आहे की नाही याला महत्त्वच उरत नाही. अँटेना जितकी उंच तितकी चांगली हा समज इथे उलटा पडतो. पंचवीस मीटर उंचीवर तार नेणाऱ्याला परदेश मिळतो आणि शेजारचा तालुका हुकतो. रात्री मात्र आयनांबर विरळ होते आणि जवळची स्टेशने बुडतात. ज्याला रात्रीचा निरोप हवा त्याने ८० मीटर बँडची तयारी ठेवावी.

वेग कमी आहे हे खरेच. नेहमीच्या गतीत मजकूर पंधरा-पंधरा सेकंदांच्या तुकड्यांत जातो. पण त्या संथपणाच्या बदल्यात काय मिळते ते पाहा. सगळा सिग्नल सुमारे ५० हर्ट्झमध्ये मावतो, आणि नेहमीच्या २५०० हर्ट्झच्या पट्ट्यात मोजल्यास गोंगाटाच्या २४ डेसिबल खाली गेलेला सिग्नलही प्रोग्राम उलगडतो. आवाजाच्या बाबतीत त्या पातळीला कानावर फक्त खरखर येते, पलीकडे कोणी बोलतेय हेही कळत नाही. म्हणून पाच-दहा वॅट पुरतात आणि एका बॅटरीवर बराच वेळ निघतो. एक काळजी मात्र घ्यावी: तुकडा चालू असताना रिग पूर्ण वेळ पूर्ण ताकदीने सोडत असतो, त्यामुळे शंभर वॅटचा रिग शंभरावर ठेवलात तर तो भाजून निघेल.

उणिवा तुम्ही लिहिल्यात त्याहून जास्त आहेत. एप्रिल-मेच्या वळिवात आणि ऑक्टोबरच्या संध्याकाळी विजांचा कडकडाट ७ मेगाहर्ट्झवर असा भरतो की एखादा तुकडा हमखास फुटतो आणि निरोप पुन्हा मागवावा लागतो. शिवाय दोन्हीकडची घड्याळे साधारण दोन सेकंदांच्या आत जुळलेली लागतात. इंटरनेट नसताना वेळ कुठून आणायची हा तुमचा प्रश्न रास्त आहे: स्वस्तातला जीपीएस रिसीव्हर लॅपटॉपला जोडतात, आणि तोही नसेल तर ऐकू येणाऱ्या स्टेशनांवरून प्रोग्रामला वेळ सरकवून घेता येते. मला सगळ्यात जास्त टोचते ते देवनागरी नसणे. मजकूर रोमन मोठ्या अक्षरांत जातो, आणि प्रोग्राम दाबून बसवतो ते नेहमीचे इंग्रजी शब्द. त्यामुळे ‘पूल बंद’ रोमनमध्ये लिहायला अक्षरे थोडी असली तरी इंग्रजी वाक्याइतका तो आवळला जात नाही. मराठी शब्दांची अशी यादी कोणी केली तर मी आनंदाने वापरीन.

कोणीही वाचू शकतो, हो. तशीच अट आहे. हौशी रेडिओवर अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक भाषा वापरता येत नाही, मजकूर उघडाच हवा. तुम्ही पुढे विचारलेत की मग गावातल्या लोकांचे निरोप रोज का पोचवत नाही. तेही नियमातच बसत नाही: तिऱ्हाइताचे निरोप आपत्तीत, नेहमीची दळणवळणाची साधने कोलमडल्यावरच घेता येतात. एरवी आम्ही आपापल्यात बोलतो. तुम्हाला यात पोकळपणा दिसतो, मला सराव दिसतो. रोज न चालवलेली वाट ऐन पुरात सापडत नाही.

मेशटास्टिक घ्याच, मीही वापरतो. त्याला लायसन्स लागत नाही, निरोप गुप्त राहतो, यंत्र खिशात मावते. पण ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले ते संच डोंगरापुढे हँडसेटइतकेच हतबल आहेत, फक्त हातोहात पुढे सरकवायला मधे आणखी संच लागतात. म्हापशाच्या बाजारात उत्तम, नेत्रावळीच्या रानात नाही. उपग्रहाच्या यंत्राचा सल्ला मात्र जपून द्या. परवानगीशिवाय असे यंत्र जवळ बाळगणे आपल्याकडे गुन्हा ठरतो. डिसेंबर २०२४ मध्ये एका परदेशी धावपटूला गोव्याच्या विमानतळावर त्याच कारणाने अडवले होते. दुकानात मिळते म्हणून चालते असे नाही.

शेवटी तुम्ही लिहिलेत, ‘हे चालते याचा पुरावा काय?’ माझ्या शब्दावर राहू नका. प्रोग्राम मोफत आहे, आणि ऐकण्यासाठी रिगही लागत नाही: इंटरनेटवर उपलब्ध असलेला एखादा वेबएसडीआर (ब्राउझरमधून ऐकता येणारा रेडिओ रिसीव्हर) उघडा, ७.०७८ मेगाहर्ट्झ लावा, त्याचा आवाज प्रोग्रामला द्या. मोड यूएसबी (अपर साइडबँड, वायरवाले यूएसबी नव्हे) ठेवा. ४० मीटरवर आवाजाला एलएसबी (लोअर साइडबँड) वापरतात म्हणून पुष्कळजण इथेच चुकतात. आणि लॅपटॉपचे घड्याळ आधी जुळवा, नाहीतर धबधब्यात (पडद्यावर सरकणाऱ्या सिग्नलच्या चित्रात) रेघा दिसतील पण अक्षर एकही उमटणार नाही.