धोका पातळी

कोल्हापुरात पावसाळा मोजायची दोन मापं आहेत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा पातळी, 43 वर गेली की धोका पातळी. शाहूपुरीतल्या आमच्या अपार्टमेंटला यंदा तिसरं माप मिळालं: माझ्या गाडीचा अलार्म. त्याला इशारा पातळी नाही. तो थेट धोक्यालाच सुरू होतो.

खरं तर अलार्म बसवायचं काही कारणच नव्हतं. गाडी 2011 ची. चोरानं नेली तर पंपावर जाऊन येईपर्यंत पस्तावेल, अशी. 2019 च्या महापुरात ती दोन दिवस गुडघाभर पाण्यात उभी होती; पाणी ओसरल्यावर कार्बोरेटर धुतला, ऑइल बदललं आणि पाचव्या किकला सुरू झाली. पण मे महिन्यात मागच्या गल्लीतली एक गाडी गेली आणि मेहुणा म्हणाला, "दाजी, रिमोट बसवून टाका." दुकानातल्या पोरानं सीटखाली एक काळी डबी कोंबली, चार वायरी कापून पाच जोडल्या आणि वर चिकटपट्टी गुंडाळली. "वॉटरप्रूफ हाय काका, बिनघोर राहा." मे महिन्यात सगळंच वॉटरप्रूफ असतं.

मृग निघाला तेव्हा अलार्म अधूनमधून 'कुईं' करून गप्प बसायचा. मला ते लाडिक वाटायचं. आर्द्रात रिमोट रुसला. चारदा दाबावं तेव्हा एकदा ऐकायचा. मग पुनर्वसूचा तरणा पाऊस लागला आणि एका रात्री दोन वाजता गाडीनं गळा काढला.

या अलार्ममध्ये सहा चाली असतात. पहिली पोलिसांच्या गाडीची, मग अॅम्ब्युलन्स, मग आगीचा बंब, आणि शेवटच्या तीन अशा, की त्या कुठल्या खात्याच्या ते अजून ठरायचंय. पहिल्या चालीला तळमजल्यावरचे निवृत्त फौजदार काका बंडीवर बाहेर आले. मी रिमोट घेऊन खाली पोचलो. दाबला. काही नाही. शर्टाला पुसला, तळहातावर आपटला, फुंकर मारली, सेलचं झाकण काढून परत लावलं. टीव्हीच्या रिमोटवर आपण जे जे उपचार करतो ते सगळे केले. गाडी चारही इंडिकेटर मिचकावत चाल बदलत राहिली. तोवर वर सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या.

"किल्ली लावा की!"

"किल्ली लावलीय!"

"मग काढा की!"

शेवटी छत्री हनुवटीखाली धरून, मोबाईलचा उजेड पाडून, दहाच्या पान्यानं बॅटरीची वायर सोडवली. शांतता झाली. त्या शांततेत काका म्हणाले, "राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे. पाणी वाढलं की उघडतात, उतरलं की मिटतात. वीज नाही, रिमोट नाही, काही नाही." आणि दार लावून घेतलं.

सकाळी वायर जोडली तर गाडी अगदी गुणी बाळ. रिमोटनंही ऐकलं. पाना घरात ठेवला आणि निघालो उद्यमनगरला मिस्त्रीकडे. बागल चौकाच्या अलीकडे अलार्मनं इंजिन बंद पाडलं आणि भर गर्दीत बोंब ठोकली. अलार्मचं कामच ते: चोराला गाडी पळवू द्यायची नाही. फक्त चोर कोण, यावर आमचं एकमत नव्हतं.

मग ढकलत निघालो. बंद पडलेली गाडी ढकलणं वेगळं आणि बोंबलणारी गाडी ढकलणं वेगळं. वाटलं, आता कोणीतरी गचांडी धरणार. पण रेनकोटची टोपी नाकापर्यंत ओढलेला एक माणूस ठणाणा करणारी गाडी रस्त्यानं उघड उघड नेतोय आणि एकानंही विचारलं नाही, की बाबा ही तुझीच का? उलट एका पोरानं गाडी शेजारी घेतली. "बसा काका, पाय लावतो." आणि फूटरेस्टला पाय लावून त्यानं मला थेट उद्यमनगरात नेऊन सोडलं. चोरालाही त्यानं असाच पाय लावून दिला असता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. चांगला पोरगा होता.

मिस्त्रीनं सीट काढली, डबीचा सॉकेट ओढला आणि माझ्या नाकासमोर धरला. आत पाण्याचा एक टपोरा थेंब, आणि पितळी पिना शेवाळल्यासारख्या हिरव्या.

"पाऊस वरनं पडून काय होत न्हाई साहेब. वायरीच्या अंगानं चालत येतोय. हे बघा, सॉकेट तोंड वर करून बसवलाय. वाटीच झाली की ही."

त्यानं पिना घासल्या, हवा मारली, व्हॅसलीन भरलं आणि डबी उलटी करून सॉकेटचं तोंड खाली केलं. वायर आधी खाली झोळीसारखी सोडून मग वर घेतली, म्हणजे पाणी झोळीच्या तळालाच ठिबकून जातं. डबीवरचा एक बारका स्क्रू अर्धा फेरा फिरवला. "थेंब पडला तरी चोर आला म्हणत होतं बिचारं." मी कौतुकानं घेतलेलं प्लास्टिकचं कव्हर तर त्यानं बोटाच्या चिमटीत धरून परत दिलं. वाऱ्यानं ते फडफडलं की गाडीला धक्का, धक्का बसला की बोंब. शिवाय गरम इंजिनावर ओलं कव्हर टाकलं की आत वाफ धरते. आंघोळ घातलेल्या पोराला न पुसताच मी गोधडीत गुंडाळत होतो.

रिमोट मात्र त्याच्या हाताबाहेरचा. नाण्यानं उघडला तर करंगळीच्या पेराएवढा सेल, आणि तोही 12 व्होल्टचा! गाडीची अख्खी बॅटरी तेवढ्याच व्होल्टची. सेलची स्प्रिंग गंजून पांढरी पडली होती. दोष माझाच. रिमोट मी रेनकोटच्या खिशात ठेवायचो, आणि रेनकोटचा खिसा म्हणजे छोटा रंकाळा. मिस्त्रीनं खोडरबरानं घासून नवा सेल घातला. दुकानात चालला. घरी आल्यावर मेला.

मुलगा डिप्लोमाला आहे. तो म्हणाला, सिलिका जेलच्या पुड्यांत ठेवा. आई म्हणाली, तांदळात ठेव. पुड्या मागवेपर्यंत रिमोट तांदळाच्या डब्यात गेला.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला बायकोचा ऑफिसात फोन. मी त्या दिवशी बसनं गेलो होतो.

"अहो, गाडी परत बोंबलतीय. मिस्त्रीनं काय केलं मग?"

दोन मिनिटांनी परत फोन. "थांबली."

संध्याकाळी साडेसातला माझ्यासमोरच झालं. आईनं तांदळात मापाचं चिपटं खुपसलं आणि खाली गाडी किंचाळली. दुसरं चिपटं भरलं, गाडी गप्प. आईनं खात्रीसाठी तिसरं भरलं. तेवढा भात त्या रात्री उरला.

म्हणजे रिमोट जिवंत होता! मी झडप घालून तो बाहेर काढला, पुसला, खिशात घातला. तासाभरात पुन्हा थंडगार. परत डब्यात टाकला, सकाळी ठणठणीत. असं तीनदा झालं. बाहेरची हवाच इतकी ओली, की मिठाच्या बरणीचाही चमचा निघेना, तिथं त्याचा काय टिकाव लागणार?

सध्या तो डब्यातच राहतो. मी सकाळी नऊला खाली जातो, हेल्मेट चढवतो आणि दुसऱ्या मजल्याकडे तोंड करून ओरडतो, "आई, चिपटं घाल!" वर डबा वाजतो, खाली गाडी 'कुईं' करते.

काल आईनं खिडकीतून सांगितलं, "संध्याकाळी येताना तांदूळ आण रे. डबा तळाला गेलाय, बटण लागत न्हाई."