पत्र दाखवलं तरी तपासणी होतेच
शरीरात धातूचा सांधा असलेल्यांनी डॉक्टरांचं पत्र दाखवलं की विमानतळावर सुरक्षा तपासणीतून सुटका होते, असं एका लेखात वाचलं. तसं होत नाही, म्हणून मुद्दाम लिहितेय. माझ्या आईचे दोन्ही गुडघे बदललेत. आत कोबाल्ट-क्रोमियम धातूचे सांधे, त्यामुळे धातू शोधणाऱ्या चौकटीतून जाताना बीप वाजतोच. मग पडद्याआड महिला कर्मचारी हातातलं यंत्र फिरवते, गुडघ्यापाशी ते पुन्हा वाजतं, मग हाताने चाचपणी. पत्रामुळे फक्त समजावून सांगणं सोपं जातं.

मागच्या खेपेला आईला साडी वर करून व्रण दाखवायला लावले, तेही पडदा अर्धा उघडा असताना. सत्तरी ओलांडलेली बाई, डोळ्यांत पाणी आलं तिच्या. फार लागलं ते मनाला. आता मी आधीच सांगते, "मॅडम, गुडघ्यात धातू आहे. बसायला खुर्ची द्या आणि पडदा नीट ओढा." बहुतेक जणी लगेच ऐकतात, काही तर हात धरून बसवतात.

आणि पेसमेकरवाल्यांनो, हातातलं यंत्र छातीवर धरून ठेवू देऊ नका, हाताने तपासा म्हणा. बाबांचं पेसमेकरचं कार्ड आम्ही बोर्डिंग पासबरोबरच ठेवतो.