‘पुट ऑफ’ला पन्नास समानार्थी शब्द का दिले नाहीत?

नमस्कार सर,

‘पुट ऑफ’ म्हणजे पुढं ढकलणं, यावर मी पानभर लिहिलं होतं. त्यावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून मीही सविस्तरच लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ‘पुट ऑफ’ हे बोलण्यातलं, जरा हलकं इंग्रजी आहे. कोल्हापूरकडच्या मराठी माध्यमाच्या मुलांना ‘पोस्टपोन’ हा एक भारदस्त शब्द आला की भागतं. आणि समानार्थी शब्द द्यायचेच होते, तर पन्नासांची यादी द्यायची. चार-पाच शब्दांवर पानभर चर्चा कशाला?

आधी हलकेपणाचं. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये जळत्या झुडपातून देव मोशेला पायातली पायताणं काढायला सांगतो, तिथं क्रियापद ‘पुट ऑफ’च आहे. अर्थ वेगळा, पण प्रसंग काही हलका नाही. ‘पोस्टपोन’ची लॅटिन फोड केली तर ‘पोस्ट’ म्हणजे नंतर आणि ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे. म्हणजे घडण जवळपास तीच. 1066 मध्ये फ्रान्सकडच्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर तिथं दरबार आणि कोर्टकचेरी फ्रेंच-लॅटिनमध्ये चालायची, घरात आणि शिवारात लोक इंग्रजीच बोलायचे. त्यामुळं एक शब्द अर्जात शोभतो, दुसरा तोंडी येतो. आपल्याकडं नोटिशीत ‘स्थगित’ लिहितात आणि घरी ‘पुढं ढकललं’ म्हणतात, तसंच हे. म्हणून ‘पुढं ढकललं’ म्हणणाऱ्याला कुणी अडाणी समजत नाही.

आता ‘पोस्टपोन’वर भागतं का? लिहिताना भागेल. ऐकताना नाही. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत माझा एक जुना विद्यार्थी डिस्पॅच बघतो. परदेशी गिऱ्हाईक फोनवर म्हणालं, ‘कॅन वी पुट इट ऑफ टिल द ट्वेंटिएथ?’ पोरानं ‘ऑफ’ ऐकलं आणि ऑर्डर रद्द झाली असं धरून चाललेलं काम थांबवलं. रद्द करणं म्हणजे ‘कॉल ऑफ’. ‘पुट ऑफ’मध्ये काम उभंच असतं, फक्त दिवस पुढं जातो. शाहू स्टेडियमवरचा सामना पावसानं ‘पुट ऑफ’ झाला तर तो नंतर खेळला जाईल. ‘कॉल ऑफ’ झाला तर विषय संपला. समोरचा माणूस आपल्या सोयीचा शब्द निवडून बोलत नाही, सर. म्हणून मुलांच्या कानाला दोन्ही ओळखीचे हवेत.

यादीचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. यादीत ‘पोस्टपोन’, ‘डिफर’, ‘अ‍ॅडजर्न’, ‘प्रोक्रॅस्टिनेट’ एका ओळीत येतात आणि मुलाला वाटतं, कुठलाही उचलावा. ‘अ‍ॅडजर्न’ कुठं बसतो ते दूध संस्थेच्या किंवा पतसंस्थेच्या सभेला गेलेल्या कुणालाही कळतं. गणसंख्या भरली नाही की अध्यक्ष सभा तहकूब करतात, तो ‘अ‍ॅडजर्न’. 2025 च्या ऑगस्टमध्ये इथं कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं. तिथं सुनावणीला पुढची तारीख पडते, तोही ‘अ‍ॅडजर्न’. या शब्दाच्या मुळातच ‘दिवस’ आहे, जुन्या फ्रेंचमधला. पण दाताच्या डॉक्टरकडं जायचं आपण ‘अ‍ॅडजर्न’ करत नाही, ‘पुट ऑफ’ करतो. ‘प्रोक्रॅस्टिनेट’ म्हणजे चालढकल, तो माणसाच्या सवयीचा शब्द आहे. ‘आय प्रोक्रॅस्टिनेटेड द मीटिंग’ असं लिहिलेलं वाचलं की यादी पाठ केलेली लगेच कळते.

शिवाय ‘पुट ऑफ’पुढं माणूस आला की अर्थच फिरतो. उधारी मागायला आलेल्याला कारणं सांगून वाटेला लावलं, तर ‘ही पुट मी ऑफ विथ एक्स्क्यूजेस’. तांबड्या रश्श्याचा नुसता रंग बघून पाहुण्याची खायची इच्छा गेली, तर ‘द कलर पुट हिम ऑफ’. इथं ‘पोस्टपोन’ घालून बघा, वाक्य मोडतं.

हा त्रास आपल्याच मुलांना होतो असं नाही. इंग्रज कोशकार सॅम्युअल जॉन्सननं आपल्या 1755 च्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय, की क्रियापदाला असा छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची रीत परक्यांना सर्वांत जड जाते. मराठी शिकणाऱ्याला विचारा: ‘बोलून गेला’, ‘बोलून टाकलं’, ‘बोलून बसला’. तिन्हींत बोलणंच आहे, पण ‘बसला’ म्हटलं की पुढचा पश्चात्ताप ऐकू येतो. हे यादीतून शिकवता येईल का?

एका बाबतीत तुमच्याशी पूर्ण सहमत. विद्यापीठाला परीक्षेबद्दल अर्ज करताना ‘पोस्टपोन’च लिहावं. मात्र त्याच्यापुढं ‘टू गो’ नको, ‘गोइंग’ हवं, आणि ‘पुट ऑफ’लाही हाच नियम. ‘इट’ मध्ये येतं, ‘पुट इट ऑफ’. ‘पुट ऑफ इट’ चालत नाही. तारीख अलीकडं घ्यायची असेल तर आपण ‘प्रीपोन’ म्हणतो आणि भारतात ते सगळ्यांना समजतं, पण ब्रिटिश गिऱ्हाइकाला ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणावं.

शेवटी तुम्ही विचारलंत, ‘डिले’ का दिला नाही. कारण ‘पुट ऑफ’मध्ये कुणीतरी ठरवून पुढं ढकललेलं असतं. महालक्ष्मी एक्सप्रेस उशिरा धावली तर ती ‘डिलेड’, ‘पुट ऑफ’ नव्हे. ते कुणी ठरवलेलं नसतं. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोका पातळी ओलांडली, रस्ते बंद झाले आणि आमची पोरं परीक्षेला उशिरा पोचली, तर पोरं ‘डिलेड’. ते पाणी बघून विद्यापीठानं पेपरच पुढच्या आठवड्यात घेतला, तर पेपर ‘पुट ऑफ’.